क्षेत्र बदलताना जुना अनुभव बायोडाटात कसा मांडावा

बायोडाटा लिहिण्याचा सर्वमान्य क्रम म्हणजे सध्याचे काम सर्वांत वर, त्याआधीचे त्याच्याखाली आणि पहिली नोकरी शेवटी. ज्याने सारी हयात एकाच क्षेत्रात घालवली त्याला हा क्रम सोयीचा आहे. ज्याने मध्येच क्षेत्र बदलले आणि आता पुन्हा जुन्या कामाकडे किंवा त्याच्या जवळपासच्या कामाकडे वळायचे आहे, त्याला मात्र हाच क्रम मारक ठरतो. उपयोगाचा अनुभव दुसऱ्या पानाच्या तळाशी जातो आणि पहिल्या पानावर नव्या नोकरीशी संबंध नसलेले काम राहते. वाचणारा पहिले पान पाहूनच कागद बाजूला ठेवतो.

धार, देवास आणि पीथमपूर भागातल्या आपल्या घरांत अशी माणसे बरीच आहेत. ऐंशीच्या दशकात पीथमपूर उभे राहिले तेव्हा पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाच्या बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा या कंपन्या इथे आल्या. देवासात किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना त्याआधीपासून होता आणि सत्तरच्या दशकात बँक नोट प्रेस आली. या कारखान्यांत आणि त्यांना माल पुरवणाऱ्या लहान युनिटांत आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी आठ-दहा वर्षे काम केले. पुढे कोणी मालकी बदलल्यावर बाहेर पडले, कोणी घरच्या आजारपणामुळे, तर स्त्रिया मुले लहान असताना. मग विमा एजन्सी, दुकान, शिकवण्या. आता पंचेचाळिशीत किंवा पन्नाशीत पुन्हा नियमित पगाराची गरज आहे. कुणाच्या मुलांच्या कॉलेजची फी डोक्यावर आहे, कुणाचे दुकान ऑनलाइन खरेदीमुळे बसले आहे. अशा वेळी वीस वर्षांपूर्वीचा अनुभव हेच त्यांचे खरे भांडवल असते आणि नेमके तेच कागदावर दिसत नाही.

दोन शीर्षके करावीत

उपाय सोपा आहे. ‘अनुभव’ असे एकच शीर्षक न देता ‘संबंधित अनुभव’ आणि ‘इतर अनुभव’ अशी दोन शीर्षके द्यावीत. संबंधित अनुभव वर घ्यावा, मग तो कितीही जुना असो. प्रत्येक शीर्षकाखाली अलीकडचे आधी हा नेहमीचा क्रम पाळावा. तारखा दोन्हीकडे स्पष्ट लिहाव्यात.

बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही असेच करीत असू. पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागणाऱ्याला गिरणीचा अनुभव आहे का, हा पहिला प्रश्न. गेली पाच वर्षे तो काय करीत होता हा दुसरा. दोन्हींची उत्तरे लागतात, पण पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्यात कोणाला रस नसतो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक गृहस्थ घेऊ. वय ४७, मेकॅनिकलचा डिप्लोमा. पीथमपूरच्या दुचाकी कारखान्यात नऊ वर्षे निरीक्षक, मग विमा प्रतिनिधी, मग भावाबरोबर देवासात स्टेशनरीचे दुकान. आता त्यांना वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम हवे आहे. नेहमीच्या पद्धतीने त्यांचा बायोडाटा असा होतो:

भागीदार, पुस्तके व स्टेशनरी दुकान, देवास, २०१४ पासून. विक्री, खरेदी, हिशेब, ग्राहकसेवा.
विमा प्रतिनिधी, देवास, २००८ ते २०१४.
निरीक्षक, दुचाकी कारखाना, पीथमपूर, १९९९ ते २००८.

कारखान्याच्या एचआर विभागातली पंचविशीतली मुलगी हा कागद हातात घेते तेव्हा तिला दुकानदार दिसतो. यात तिचा दोष नाही, कागदावर तेच लिहिले आहे. आता तोच माणूस दुसऱ्या मांडणीत पाहा (प्रत्यक्षात हे इंग्रजीत जाईल, इथे समजण्यासाठी मराठीत देतो):

संबंधित अनुभव: गुणवत्ता तपासणी
वरिष्ठ निरीक्षक (आधी निरीक्षक), दुचाकी कारखाना, पीथमपूर, १९९९ ते २००८. इंजिन जोडणीनंतरची अंतिम तपासणी. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज यांनी मोजमाप व नोंदी. पुरवठादारांकडून आलेल्या मालाची तपासणी आणि नापास मालाचा अहवाल. एका पाळीतल्या सहा निरीक्षकांच्या कामाची वाटणी. आयएसओ ९००१ च्या ऑडिटसाठी विभागाची कागदपत्रे तयार करणे.
अलीकडील तयारी: गुणवत्ता नियंत्रणाचा ऑनलाइन अभ्यासक्रम, परीक्षा उत्तीर्ण, २०२४.
इतर अनुभव: स्टेशनरी दुकानात भागीदार, २०१४ पासून (खरेदी व मालसाठ्याच्या नोंदी). विमा प्रतिनिधी, २००८ ते २०१४.

यात एकही शब्द खोटा नाही आणि एकही तारीख लपवलेली नाही. फक्त जागा बदलली आणि जुन्या कामाला पाच ओळी, तर नव्याला दोन ओळी मिळाल्या. सर्वसाधारण बायोडाटात याच्या उलट असते: कालच्या कामाचे सविस्तर वर्णन आणि जुन्या नोकरीचे नुसते पदनाम. ‘निरीक्षक’ या एका शब्दातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. काय तपासले, कशाने तपासले, किती माणसे हाताखाली होती, हे लिहिल्यावर कळते.

या दोन शीर्षकांच्या वर तीन-चार ओळींचा परिचय असावा. त्यातले पहिले वाक्य नव्या कामाशी जोडणारे हवे: ‘दुचाकी निर्मितीत गुणवत्ता तपासणीचा ९ वर्षांचा अनुभव (१९९९–२००८)’. ‘मेहनती, प्रामाणिक, संघात काम करण्याची आवड’ असली विशेषणे गाळावीत. ती सर्वांच्याच कागदावर असतात.

तारखांबद्दल

एक सल्ला अलीकडे सर्रास दिला जातो: अनुभव जुना असेल तर तारखाच लिहू नका, फक्त कौशल्यांची यादी द्या. मला हा सल्ला पटत नाही. तारखा नसलेला बायोडाटा पाहताच वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती हीच, की काहीतरी दडवले आहे. मग तो तेच शोधू लागतो. कौशल्यांची यादी जरूर द्यावी, पण ती कुठे आणि कधी वापरली हे खाली दिसले पाहिजे.

दुसरा मोह जास्त धोक्याचा आहे, तो म्हणजे तारखा ताणण्याचा. २००८ ला सोडलेली नोकरी २०१२ पर्यंत दाखवायची, म्हणजे खंड कमी दिसतो. पूर्वी हे खपून जात असेलही. आता भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक (हा २०१४ पासून सुरू झाला) दिला की नोकरीत कधी रुजू झाला आणि कधी बाहेर पडला याच्या नोंदी समोर येतात. मोठ्या कंपन्या नेमणुकीनंतर बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी करून घेतात आणि तफावत निघाली तर सहा महिन्यांनीसुद्धा नोकरी जाऊ शकते. पन्नाशीत मिळालेली नोकरी अशी गेली तर पुढची मिळणे अवघड.

दहा-पंधरा वर्षांपलीकडचे काही लिहू नये, असाही एक नियम सांगतात. तो परदेशातून आलेला आहे आणि ज्यांचा अलीकडचा अनुभव त्याच क्षेत्रातला आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. क्षेत्र बदलणाऱ्याने तो असा वाचावा: दहा-पंधरा वर्षांपलीकडचे असंबंधित काही लिहू नये. १९९८ मध्ये चार महिने कुठे टायपिंग केले ते गाळा. नऊ वर्षांची तपासणी गाळू नका.

जन्मतारखेचा प्रश्न हमखास विचारला जातो. खासगी कंपनीने मागितली नसेल तर लिहिण्याची गरज नाही. आपल्याकडे बायोडाटा म्हटले की आधी लग्नाचा आठवतो, त्यामुळे नोकरीच्या कागदावरही वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, उंची, इतकेच काय, कधी कधी जन्मस्थळही येते. हे सारे काढून टाकावे. त्या जागेत अनुभवाच्या दोन ओळी बसतात. दहावी-बारावीची वर्षेही गाळता येतात. गाळणे आणि बदलून लिहिणे यातला फरक मात्र विसरू नये.

आणि मधला खंड? आजारपण, आई-वडिलांची सेवा, मुलांचे संगोपन, जे असेल ते एका ओळीत वर्षांसह लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. देवासकरांना वेगळे सांगायला नको की कुमार गंधर्व १९४८ मध्ये इथे आले ते क्षयाने आजारी होते म्हणून. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली आणि पुढे त्यांच्या गाण्यात आली. आपला खंड तितका फलदायी नसेल, पण त्या काळात काही शिकला असाल, काही केले असेल तर ते त्याच ओळीत लिहावे.

जुन्या कामाची आजची भाषा

जुना अनुभव जुना वाटतो तो वर्षांमुळे जितका, तितकाच शब्दांमुळे. देवासच्या एखाद्या भगिनींनी २००१ ते २००९ एका व्यापाऱ्याकडे हिशेब पाहिले. त्या लिहितात, ‘विक्रीकराची विवरणे भरणे.’ मध्य प्रदेशात विक्रीकर जाऊन व्हॅट आला २००६ मध्ये आणि जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. त्यांनी विक्रीकर आणि व्हॅट दोन्ही पाहिले, म्हणजे एका करपद्धतीतून दुसरीत जाताना व्यापाऱ्याची पुस्तके सांभाळली. हे लिहिले तर अनुभव वजनदार होतो. त्याला जोडून, आज त्या जीएसटीची विवरणे भरू शकतात हेही दिसले पाहिजे. तसे येत नसेल तर आधी शिकून घ्यावे, मग अर्ज करावा. महिना-दोन महिन्यांत शिकता येण्याजोगे आहे.

वाहन उद्योगात ज्यांनी भारत स्टेज दोन-तीनच्या काळात काम केले त्यांनी १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू आहे, एवढे माहीत आहे असे दाखवावे. गुणवत्ता विभागात ज्याला आपण टीएस १६९४९ म्हणत होतो त्याची जागा २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ ने घेतली. औषध कारखान्यांसाठी शेड्यूल एमचे सुधारित नियम डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. देवास आणि पीथमपूर दोन्हीकडे औषध कारखाने असल्याने त्या क्षेत्रात परतणाऱ्याने ते वाचून जावे. पीथमपूरलाच नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणी मार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला, म्हणजे वाहन-चाचणी हे पूर्वी इथे नसलेले काम आता दाराशी आले आहे. जुन्या अंतिम तपासणीवाल्याला तिथे काय जमेल याचा विचार करून परिचयाच्या ओळी लिहिता येतात.

‘अलीकडील तयारी’ ही ओळ यासाठीच आहे. माझ्या मते संपूर्ण बायोडाटातली ती सर्वांत मोलाची ओळ. अनुभव १९९९ चा, पण गेल्या दोन वर्षांत त्याच विषयात काहीतरी केले आहे, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. आयआयटींच्या एनपीटीईएलवर अभ्यासक्रम मोफत शिकता येतो, परीक्षा द्यायची तर शुल्क पडते. कारागिरीच्या कामांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल नावाची सोय आहे. तिच्यात नव्याने पूर्ण प्रशिक्षण न घेता, आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. ज्याने वीस वर्षांपूर्वी वेल्डिंग केले आणि हाती कसलाही कागद नाही, त्याला हे फार उपयोगाचे आहे. कोणत्या कामांसाठी आणि कोणत्या केंद्रावर हे सध्या चालू आहे त्याची चौकशी करून मगच जावे.

शाळेत परतू इच्छिणाऱ्या शिक्षिकांसाठी एक बातमी जुनी असूनही अनेकींपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षे होती. जून २०२१ मध्ये केंद्राने ती आजीवन केली, तीही २०११ पासून मागे लागू करून. म्हणजे २०१२ च्या सीटीईटी प्रमाणपत्रावर सात वर्षे छापलेले असले तरी ते आज चालते. ते ‘संबंधित पात्रता’ म्हणून वरच लिहावे.

कंपनीचे नाव बदलले असेल तर

आपल्या भागात हा प्रश्न इतका येतो की त्याला वेगळी जागा द्यावी लागते. उमेदवार जुने नाव लिहितो, एचआरला ते ओळखीचे वाटत नाही आणि पडताळणी करणाऱ्याला अशी कंपनी सापडत नाही. म्हणून जुने नाव आधी आणि आजचे नाव कंसात लिहावे. बजाज टेम्पो २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली. आयशर मोटर्सचा ट्रक आणि बसचा व्यवसाय २००८ पासून व्होल्वोबरोबरच्या भागीदारीत व्हीई कमर्शियल व्हेइकल्स या नावाने चालतो. कायनेटिक होंडातून १९९८ मध्ये होंडा बाहेर पडल्यावर ती कायनेटिक मोटर झाली आणि २००८ मध्ये तो दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला. देवासच्या रॅनबॅक्सीत काम केलेल्यांनी ‘२०१५ पासून सन फार्मा’ असे लिहावे. बँक नोट प्रेस २००६ पासून भारत प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमाचा भाग आहे. वीज मंडळात काम केलेल्यांची आजची संस्था बहुधा पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी असेल. बँकांत पाहावे तर स्टेट बँक ऑफ इंदौर २०१० मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात. तसे पाहिले तर देवासला हे नवे नाही. आमच्या वडील पिढीने बँक ऑफ देवास १९६२ मध्ये आणि देवास सीनियर बँक १९६५ मध्ये स्टेट बँक ऑफ इंदौरमध्ये जाताना पाहिली आहे.

पदनामाचेही असेच आहे. प्रत्येक कारखान्याची पदनामे वेगळी. जुने पदनाम आहे तसेच लिहावे, कारण प्रमाणपत्रावर तेच असते, आणि आज त्याला काय म्हणतात ते कंसात द्यावे. पद वाढवून लिहू नये. सुपरवायझरचा मॅनेजर करणे हा तारखा ताणण्याचाच दुसरा प्रकार आहे.

कागद

बायोडाटात लिहिलेल्या प्रत्येक जुन्या ओळीमागे एक कागद असावा. नेमणूकपत्र, बढतीचे पत्र, अनुभव प्रमाणपत्र, कार्यमुक्तीचे पत्र. हे सर्व असेल तर उत्तमच. नसेल आणि कंपनी चालू असेल तर जुन्या तारखांसह प्रमाणपत्र मागावे. अर्जात आपला टोकन क्रमांक, विभाग आणि काळ लिहावा, म्हणजे शोधणाऱ्याला सोपे जाते. कंपनी बंद पडली असेल, किंवा राज्य परिवहन महामंडळासारखी संस्थाच उरली नसेल, तर पर्यायी पुरावे गोळा करावेत: भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक पावत्या, ईएसआयचे कार्ड, पगारपत्रके, फॉर्म १६, पगार जमा होत असलेले पासबुक. त्या वेळच्या वरिष्ठांपैकी कोणी हयात असतील तर त्यांच्याकडून पत्र घ्यावे आणि त्यात त्यांनी आपले तेव्हाचे पद नमूद करावे. नोटरीसमोर केलेले स्वतःचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडता येते, पण ते एकटे पुरत नाही. आपणच आपल्याबद्दल दिलेली ती साक्ष असते.

जुनी पासबुके लोक रद्दीत घालतात याचे मला नेहमी वाईट वाटते. ठरावीक वर्षांपलीकडचे उतारे बँकेकडेही मिळत नाहीत. पगाराच्या नोंदी असलेले पासबुक म्हणजे नोकरीचा पुरावा आहे, ते जपून ठेवावे. सध्या सापडतील ते सारे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवावेत. यूएएन चालू आहे का आणि त्याला जुने पीएफ क्रमांक जोडलेले आहेत का हेही आताच पाहावे, नेमणुकीच्या आठवड्यात ही धावपळ नको.

पगार नसलेले काम

अनुभव म्हणजे पगारी नोकरीच, असे समजून अनेक जण आपली जमेची बाजू लिहीतच नाहीत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते, महाराजांचे वाचक आणि राजपुत्रांचे शिक्षक म्हणून. नोकरी सोडल्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्याकडे पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे संपादन सोपवले आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड निघाले. पदनामांच्या क्रमाने त्यांचा बायोडाटा लिहिला असता तर ‘संस्थानातील खासगी नोकरी’ एवढेच दिसले असते. त्या कामाला त्यांना पात्र ठरवले ते नोकरी सांभाळून केलेल्या लेखनाने. मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ चा आहे, म्हणजे सरकारने बोलावले तेव्हा तो अनुभवही पाव शतकाहून जुना होता.

आपल्या पातळीवर बोलायचे तर मंडळाचे खजिनदारपद घ्या. सोसायटी नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेचे हिशेब ठेवणे, ऑडिट करून घेणे, वार्षिक विवरण दाखल करणे, हे हिशेबाचे खरे काम आहे. पाच वर्षे खजिनदार असलेल्या व्यक्तीने लेखापालाच्या जागेसाठी अर्ज करताना ते ‘संबंधित अनुभव’ या शीर्षकाखालीच लिहावे, पुढे ‘मानद’ असा शब्द घालून. गणेशोत्सवाची किंवा संमेलनाची व्यवस्था पाहणाऱ्याने किती दिवस, किती माणसे, किती खर्च हे आकड्यांत लिहावे. ‘सामाजिक कार्याची आवड’ या ओळीतून काही साधत नाही.

ओळखीचा उपयोग होतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या देवासातच त्याचा नामांकित दाखला आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास सीनियरचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खासगी सचिव म्हणून काही महिने इथे होते. दरबारी कामाचा किंवा कचेरीचा त्यांना अनुभव असा नव्हता. जमेची बाजू होती ती १९१२ च्या नाताळात महाराजांशी झालेली भेट आणि तेव्हापासूनचा स्नेह. बागा, मोटारी आणि विजेचे घर असली खाती त्यांच्याकडे आली. त्यांनी ती कशी सांभाळली हे त्यांच्याच ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात मजेशीरपणे आले आहे. आज ओळख फार तर बायोडाटा योग्य टेबलापर्यंत पोहोचवते, पुढे कागदालाच बोलावे लागते. म्हणून जुन्या सहकाऱ्याला ‘माझ्यासाठी काही बघा’ असे मोघम सांगण्यापेक्षा नव्या मांडणीतला बायोडाटा पाठवून ‘या विभागात देता येईल का’ असे विचारावे.

सरकारी आणि ऑनलाइन अर्ज

वर सांगितलेली मांडणी खासगी नोकऱ्यांसाठी आहे. सरकारी विभाग, सार्वजनिक बँका, निगम यांच्या छापील नमुन्यात क्रम त्यांचाच असतो. तिथे आपली शीर्षके चालत नाहीत. पहिल्या नोकरीपासून सर्व नोंदी दिनांकासह भराव्यात आणि जन्मतारीखही द्यावीच लागते. ‘पात्रतेनंतरचा अनुभव’ मागितला असेल तर पदवी किंवा डिप्लोमा मिळाल्यानंतरचीच वर्षे मोजावीत आणि ती जाहिरातीतल्या दिनांकापर्यंतचीच. ‘गेल्या पाच वर्षांतील अनुभव’ अशी अट असेल तर जुना अनुभव तिथे बसत नाही. अर्जाचे शुल्क वाया घालवू नये.

सेवानिवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक आणि माजी सैनिक यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँक मित्र म्हणून काम करता येते. तिथे मात्र जुनी सेवा हीच पात्रता धरली जाते. पेन्शनचा आदेश आणि सेवा प्रमाणपत्र तयार ठेवावे.

नोकरीच्या संकेतस्थळांवर नाव नोंदवताना ‘सध्याचे पद’ हा रकाना सक्तीचा असतो आणि तिथे खरे तेच, म्हणजे दुकान किंवा एजन्सी, लिहावे लागते. पण त्याच्या वर शीर्षक ओळ असते आणि खाली कौशल्यांचा रकाना. कंपन्या शोध घेतात तो या दोन जागांतल्या शब्दांवर. शीर्षक ओळीत ‘गुणवत्ता निरीक्षक, वाहन उद्योग, ९ वर्षे’ असे लिहावे आणि कौशल्यांत जाहिरातीत आलेलेच शब्द वापरावेत, अर्थात आपल्याला येत असतील तेवढेच. महिन्यातून एकदा तरी माहिती अद्ययावत करावी.

मुलाखतीत

मांडणी चांगली झाली की बोलावणे येते आणि मग पहिला प्रश्न ठरलेला: ‘इतक्या वर्षांनी पुन्हा याच कामात का?’ उत्तर तीन वाक्यांत तयार ठेवावे. का सोडले, मधल्या काळात काय केले, आता का परत येत आहे. का सोडले हे सांगताना जुन्या मालकाची किंवा नातेवाइकांची तक्रार करू नये. भावाबरोबर पटले नाही हे खरे असले तरी ते तिथे सांगण्याचे कारण नाही. ‘दुकानाचे उत्पन्न दोन कुटुंबांना पुरेनासे झाले’ हे पुरेसे आहे आणि खरेही आहे.

दुसरा प्रश्न हाताखाली काम करण्याचा असतो. वरिष्ठ तिशीतला असेल, चालेल का? याचे उत्तर घरी बसूनच स्वतःला द्यावे. चालणार नसेल तर अर्ज करू नये. चालणार असेल तर तसे सरळ सांगावे.

तिसरी गोष्ट पगाराची. नऊ वर्षांचा जुना अनुभव आणि सतरा वर्षांचा खंड, यावर सलग सव्वीस वर्षे काम केलेल्याचा पगार मिळत नाही. नव्या भरतीपेक्षा जास्त आणि त्या वरिष्ठापेक्षा कमी, अशा मधल्या आकड्याची तयारी ठेवावी आणि सहा महिन्यांनी फेरविचार व्हावा अशी विनंती करावी. ती मान्य झाली तर नेमणूकपत्रात लिहून घ्यावी.

जाताना मूळ कागद आणि छायाप्रतींचे दोन संच न्यावेत. प्रती ठेवून याव्यात, मूळ कागद कोणाकडेही देऊ नयेत.